बोट अलमट्टीकडे, फोटो पिशवीवर

पूर आणि राजकारण या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन संपादकांनी गेल्या अंकात केलं होतं. आलेली पत्रं मी दोन दिवस वाचत होतो. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढून मी शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, आता मिरजेत राहतो. नदी, गेज आणि धरणाचे दरवाजे एवढंच मला कळतं. पण पत्रं वाचताना लक्षात आलं की बहुतेकांना पाण्याबद्दल विचारायचंच नाही. पूर आला तर दोष कुणाचा आणि मदत आली तर ती कुणाची, हे विचारायचं आहे. सहा पत्रं निवडली आहेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवल्यामुळे कुणाचंच नाव दिलेलं नाही.

"नदीकाठाला माझी दीड एकर मळी आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही येळेला ऊस कुजला. दर येळेला पुढारी बांधावर येत्यात आणि म्हणत्यात, अलमट्टीनं घात केला. तुम्ही खात्यात हुता. खरं काय ते सांगा."
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

अण्णा, आधी पातळ्या सांगतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढं गेलं, म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी बारा फूट. तुमच्या मळीत तेव्हा काय उरलं असेल ते मला सांगायला नको. माझी बहीण कुरुंदवाडला असते. तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं.

हे पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट धरणांतून सोडलेल्या पाण्याची: धोम, कण्हेर, कोयना, वारणा, आणि तुमच्याकडं पंचगंगेच्या अंगानं राधानगरी. दुसरी वाट धरणांच्या खाली पडलेल्या पावसाची. त्याला आम्ही मुक्त पाणलोट म्हणतो. हा पाऊस कुठल्याच दरवाजाच्या मागं अडत नाही, थेट ओढ्यांतून नदीत उतरतो. तिसरी वाट म्हणजे फूग. पुढं पाण्याचा निचरा झाला नाही की मागं पाणी चढतं. अलमट्टी हे कर्नाटकात, आपल्या खालच्या अंगाला कृष्णेवर असलेलं धरण. त्याचा संबंध आला तर या तिसऱ्या वाटेशी येतो, पहिल्या दोन वाटांशी त्या धरणाचं काही देणंघेणं नाही. पण भाषणात पहिल्या दोन वाटा येतच नाहीत.

२०१९ च्या पुरानंतर त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे २०२० मध्ये अहवाल आला, तोवर राज्यात दुसरं सरकार बसलं होतं. म्हणजे एका बाजूच्या सरकारनं नेमलेली समिती आणि दुसऱ्या बाजूच्या सरकारनं स्वीकारलेला अहवाल. या अहवालानं सांगितलं की सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी किंवा कर्नाटकातलाच हिप्परगीचा बंधारा जबाबदार नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रातली, पूरपट्ट्यातली अतिक्रमणं व अडथळे ही कारणं त्यांनी दिली. आमच्या भागातल्या अनेक जाणत्या माणसांना हा निष्कर्ष मान्य नाही. हिप्परगीच्या बंधाऱ्यामागं साचलेला गाळ, पुलांच्या दोन्ही अंगांना टाकलेले मातीचे भराव यांचा अभ्यास नीट व्हायला हवा, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मी सोडून देत नाही. भरावांबद्दल तर मला ते पूर्ण पटतं.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवून घ्या. कर्नाटकाला अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० मध्ये तशी मुभा दिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या वाढीला महाराष्ट्रानं विरोध करावा, अभ्यास मागावा, त्यात काहीच चूक नाही, मीही सही करीन. पण उद्या पातळी वाढली तर काय होईल हा एक प्रश्न आणि २०१९ मध्ये तुमचा ऊस का कुजला हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या आडोशाला दुसरा लपवला जातो.

का लपवला जातो? अलमट्टीला दोष दिला की इकडच्या कुणालाच काही करावं लागत नाही. निळ्या रेषेचं नाव काढलं की करावं लागतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकाम निषिद्ध, निळ्यापासून लालपर्यंत नियंत्रित. या रेषांच्या आत अपार्टमेंट उभं राहिलं तर त्या नकाशावर इथल्याच कुणाची तरी सही असते. ती सही करणारा इथंच राहतो, इथंच मतं मागतो, लग्नाकार्यात भेटतो. अलमट्टीचा अभियंता आपल्या लग्नात येत नाही. त्याला शिव्या घालून कुणाचंच बिघडत नाही, आणि तुमची मळी मात्र पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाण्यात जाते.

आमच्या खात्याकडंही येतो, नाहीतर मी खोटा ठरेन. प्रत्येक धरणाची जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला पाणी किती असावं आणि पुरासाठी जागा किती मोकळी ठेवावी, हे त्यात लिहिलेलं असतं. कोयनेत १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. जुलैअखेर जागा मोकळी ठेवली आणि पुढं पाऊस दडी मारून बसला, तर उन्हाळ्यात लोक विचारतात, पाणी का सोडलं? जागा ठेवली नाही आणि ऑगस्टात ढग फुटले, तर विचारतात, आधी का सोडलं नाही? धरणावरच्या माणसाला दोन्हीकडून मार असतो, हे मी सोसलं आहे. म्हणूनच सूची पाळली की नाही हे दरवर्षी उघड व्हायला हवं, कुणाच्या वतीनं भांडायचं ते त्यावर ठरेल.

आणि ते तुम्ही स्वतः मागवू शकता. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि एवढंच मागा: अमुक धरणाची १ जुलै ते ३१ ऑगस्टची तासागणिक पाणीपातळी, आवक आणि विसर्ग, शिवाय त्याच काळाची मंजूर परिचालन सूची. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "पूर का आला?" असं विचारू नका, त्याला कुणीही भाषणच उत्तर म्हणून पाठवील.

"२०१९ ला आम्ही शाळेत मुक्कामाला होतो. मदतीची धान्याची पिशवी आली, तिच्यावर नेत्यांचे फोटो चिकटवलेले होते. लेकरं उपाशी होती म्हणून मी घेतली. पण मनात आजही सल आहे. घ्यायला नको होती का?"
— एक गृहिणी, सांगली जिल्हा

ताई, घेतलीत ते योग्यच केलंत. ते धान्य तुमचं होतं. शासनाच्या पैशातून आलेला गहू-तांदूळ हा कुणाच्या घरच्या कणगीतला नसतो.

त्या वेळी पूरग्रस्तांसाठी दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ जाहीर झाले होते. इचलकरंजी भागात वाटलेल्या पाकिटांवर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि स्थानिक आमदार सुरेश हाळवणकर यांचे फोटो असलेले स्टिकर होते. त्यांची छायाचित्रं सगळीकडं फिरली आणि राज्यभर टीका झाली. त्याच दिवसांत, ७ ऑगस्टला निघालेल्या शासन निर्णयात मदतीसाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. एकाच आठवड्यातल्या या तीन गोष्टी आहेत. मी तेव्हा निवृत्त होतो, मिरजेत एका निवारा केंद्रावर पाणी भरायला जात होतो. बोटी कमी होत्या, लाईफ जॅकेटं कमी होती, आणि स्टिकर मात्र छापून, कापून, चिकटवून वेळेवर पोहोचले होते. कुणीतरी त्या रात्री बसून ते डिझाइन केलं असेल, छापखाना चालू ठेवला असेल. मला राग येतो तो याचा. तेवढ्या माणसांचे तेवढे तास होते आणि ते या कामाला लागले.

ही खोड एका पक्षाची नाही. रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, बसथांबा, स्मशानातलं शेड, नाव नाही अशी वस्तू आपल्या तालुक्यात शोधून सापडणार नाही. सरकारी जाहिरातींपुरता सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१५ रोजी लगाम घातला होता: फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचे. मार्च २०१६ मध्ये तो सैल झाला, राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांचेही फोटो चालू लागले.

सल धरू नका. वाटलंच तर पुढच्या वेळी पिशवी घेताना स्टिकर काढून त्या वाटणाऱ्या पोराच्याच हातात द्या. त्याला वाईट वाटलं तर समजावून सांगा, ओरडू नका, तोही पोटासाठीच आलेला असतो.

"निळवंडेचं पाणी आमच्या शिवारात आलं. आता चार पक्षांचे चार फलक लागलेत. पाणी नेमकं आणलं कुणी?"
— एक तरुण शेतकरी, संगमनेर तालुका

प्रवरेवरच्या या प्रकल्पाला १९७० साली मान्यता मिळाली तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि अंदाज होता सुमारे आठ कोटींचा. ३१ मे २०२३ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत डाव्या कालव्यात चाचणीसाठी पाणी सोडलं गेलं. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिर्डीच्या कार्यक्रमावेळी कालव्याचं लोकार्पण केलं. तेव्हा सांगितलेला खर्च ५,१७७ कोटी रुपये, आणि लाभ सात तालुक्यांतल्या १८२ गावांना.

त्रेपन्न वर्षं. या काळात काँग्रेसची सरकारं आली, युतीची आली, आघाडीची आली, पुन्हा युतीची, मग तीन पक्षांची, मग आणखी वेगळी जोडणी. बाळासाहेब थोरात यांचे कार्यकर्ते म्हणतात धरण आणि कालव्यांची कामं आम्ही मार्गी लावली. सत्तेतले म्हणतात रखडलेलं आम्ही पूर्ण केलं. दोघांच्याही बोलण्यात काही खरं आहे. प्रत्येक जण आपल्या वाट्याचा काळ सांगतो आणि उरलेला दुसऱ्याच्या नावावर टाकतो. काम झालं ते आमच्या काळात, रखडलं ते त्यांच्या.

खात्यात बसून हे कसं दिसतं ते सांगतो. प्रकल्पाचा एक कागद असतो, प्रशासकीय मान्यता. काम लांबलं, दर वाढले, की सुधारित प्रशासकीय मान्यता निघते. मग दुसरी सुधारित, मग तिसरी. प्रत्येक सुधारित मान्यतेला एक तक्ता जोडलेला असतो: दरवाढीमुळे किती वाढ, भूसंपादनामुळे किती, संकल्पचित्र बदललं म्हणून किती, अपुऱ्या तरतुदीमुळे किती. फलक वाचू नका, हा तक्ता वाचा. कुठल्या वर्षी कालव्याला किती पैसे मिळाले हे त्याच्यावरून कळतं. निधी न देता भूमिपूजन करणं सोपं असतं. नारळ फोडला, दगड बसला, आणि पुढची दहा वर्षं त्या दगडाभोवती गवत वाढलं, अशा जागा मी माझ्या हयातीत मोजून पाहिल्या आहेत, मोजणं नंतर सोडून दिलं. विदर्भातलं गोसीखुर्द घ्या. १९८३ साली ३७२ कोटींना मान्य झालेला प्रकल्प, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. भूमिपूजनाला जे मूल पाळण्यात होतं त्याची मुलं आज शाळेत असतील आणि अजून कालव्यांचं काम निघतंच आहे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, पाणी आणलं अकोले तालुक्यातल्या त्या कुटुंबांनी ज्यांची घरं आणि भाताची खाचरं बुडाली. त्यांचा फलक लागलेला मी पाहिला नाही. तुम्ही चार पोरं मिळून लावाल का? गावांची नावं पुनर्वसन कार्यालयाच्या नोंदीत सापडतील.

"रस्त्याच्या कडेला 'आमदारांच्या प्रयत्नातून' असं लिहिलेलं असतं. हे पैसे त्यांचे असतात का?"
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, इस्लामपूर

नाही. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात, २०२२ पासून ही रक्कम एवढी झाली. खासदारांनाही वर्षाला ५ कोटी असतात. ते कामं सुचवतात, पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारी तिजोरीतून जातात. तुझ्या पेनावर तू भरलेला करही त्यात असतो. चांगलं काम सुचवलं तर त्यांचं कौतुक जरूर कर.

"सरकार म्हणतं आम्ही हजारो कोटी दिले, विरोधक म्हणतात एक रुपया मिळाला नाही. केंद्र राज्याकडं बोट दाखवतं, राज्य केंद्राकडं. माझ्या खात्यावर पाच हजार आले. कोण खरं बोलतं?"
— एक दुकानदार, कोल्हापूर

दोघंही खरं बोलत असतील, फक्त वेगवेगळ्या कागदाबद्दल. २०१९ मध्ये राज्यानं केंद्राकडं ६,८१३ कोटी रुपयांची मागणी केली, त्यात ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी आणि उरलेले २,१०५ कोटी कोकण, नाशिक आणि इतर भागांसाठी. ही मागणी होती. बातमीत मात्र आकडा असा छापून आला की वाचणाऱ्याला वाटावं, पैसे निघाले. ऑगस्ट २०२१ मध्ये उद्धव ठाकरे सरकारनं ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते उघडून पाहिलं तर तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी आणि पुढच्या आपत्त्या सौम्य करण्याच्या दीर्घकाळाच्या कामांना ७,००० कोटी. तुमच्या भिजलेल्या मालाशी संबंध होता तो फक्त तातडीच्या मदतीच्या आकड्याचा. सभेत सांगितला गेला तो सगळ्यांची बेरीज असलेला.

दोन्ही वेळी सरकारं वेगळी होती. २०१९ ला सत्तेत असलेले २०२१ ला विरोधात होते आणि मदत अपुरी म्हणत होते. २०१९ ला अपुरी म्हणणारे २०२१ ला पुरेशी म्हणत होते. मी दोन्ही वर्षांची कात्रणं समोरासमोर ठेवली तेव्हा फक्त नावं बदलल्यासारखं वाटलं. हे वाचून मला बरं वाटलं नाही, कारण दोन्ही वर्षी ओल्या भिंती त्याच होत्या.

केंद्र-राज्याचं असं: राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. तो निधी राज्याच्याच हातात असतो. तो पुरला नाही तर राष्ट्रीय निधीतून मागायचं, त्यासाठी केंद्राचं पथक येतं, पाहणी करतं, आणि बहुतेकदा ते येईपर्यंत पाणी ओसरून चिखलही वाळलेला असतो. त्यामुळं मदत आली तर दोघंही "आम्ही दिली" म्हणू शकतात आणि उशीर झाला तर दोघंही दुसऱ्याचं नाव घेऊ शकतात. व्यवस्थाच तशी जोडलेली आहे.

तुम्ही हिशेब ठेवणारे आहात, म्हणून सांगतो. एका पानावर तीन तारखा लिहा: घोषणेची, शासन निर्णयाची, आणि खात्यावर पैसे जमा झाल्याची. सोबत पंचनाम्याची प्रत ठेवा. पुढच्या वेळी कुणी दुकानात मत मागायला आलं तर ते पान त्यांच्यासमोर ठेवा.

याच पत्राला जोडून एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं आहे की पुराआधीच्या कामाचं श्रेय कुणीच का घेत नाही. गुरुजी, कारण आपण ते देत नाही. अमेरिकेतले दोन अभ्यासक, अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा, यांनी २००९ साली तिथल्या मतदानाचे आणि खर्चाचे आकडे ताडून पाहिले. आपत्तीनंतर मदत वाटली की मतदार सत्तेतल्या पक्षाला मतं देतात, आपत्तीआधी तयारीवर खर्च केला तर देत नाहीत. त्यांच्या हिशेबानं तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. मला हे वाचून जून २०२१ आठवला. तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले, अलमट्टी आणि कोयनेच्या विसर्गाची माहिती एकमेकांना वेळेवर द्यायची असं ठरवायला. पूर येण्याआधी झालेलं, दोन वेगळ्या पक्षांच्या माणसांनी एका टेबलावर बसून केलेलं हे काम. आमच्या गल्लीत मी वीस जणांना विचारलं, एकालाही ती भेट आठवत नव्हती. पिशवीवरचे फोटो सगळ्यांना आठवत होते.

"मी नुकतीच खात्यात रुजू झाले आहे. एका बंधाऱ्याची भिंत खचली. वरिष्ठ म्हणतात, अहवालात 'अतिवृष्टीमुळे' असं लिही. मला कारण वेगळं दिसतं. मी काय करू?"
— एक कनिष्ठ अभियंता

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर लिहायला मला वेळ लागला.

जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी धरण खेकड्यांमुळे फुटल्याचं सांगितलं. सगळा महाराष्ट्र चिडला, लोकांनी आंदोलनात खेकडे आणले. तुम्ही अभियंता आहात, तुम्हाला ठाऊक आहे की मातीच्या भरावाला खेकडे, उंदीर, घुशी बिळं पाडतात, त्यातून पाणी वाट काढतं आणि भराव आतून पोखरला जातो. हे पुस्तकातही आहे. पण म्हणूनच पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी असते, झुडपं काढायची असतात, बिळं बुजवायची असतात, गळतीचं पाणी गढूळ येतं का ते पाहायचं असतं. खेकडा कारण असला तरी तपासणी कुणाची होती हा प्रश्न उरतोच. ती माणसं आपापल्या घरात होती.

आता माझं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका लहान प्रकल्पाच्या वितरिकेवर, म्हणजे मुख्य कालव्यातून निघणाऱ्या छोट्या कालव्यावर, माझी नेमणूक होती. ऑक्टोबरात एका रात्री वितरिका फुटली आणि खालच्या चार शेतांतली नुकती उगवलेली ज्वारी वाहून गेली. सकाळी मी गेलो तेव्हा भगदाडाच्या कडेला घुशींची बिळं स्पष्ट दिसत होती. दोन वर्षं झुडपं काढली नव्हती. त्या कामाची तरतूद दुसरीकडं वळवली होती. वरिष्ठांनी सांगितलं, परतीच्या पावसाची अतिवृष्टी लिही, म्हणजे कुणावरच येत नाही. माझं लग्न ठरलेलं होतं, बदली हवी होती. मी लिहिलं.

महसूल खात्याच्या नियमानं चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. त्या चौघांपैकी एक म्हातारे शेतकरी दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले. भांडले नाहीत. म्हणाले, "साहेब, रात्री अंगणात पातेलं राहिलं होतं. सकाळी बुडाला पाणी होतं, जेमतेम एक आडवं बोट. एवढ्यात कालवा फुटतो व्हय?" मी खाली बघत राहिलो. ज्यांच्या शेताचं नुकसान झालं त्यांना खात्याकडून काही मिळालं नाही, कारण माझ्या अहवालाप्रमाणं चूक पावसाची होती.

तुम्हाला बंड करा असं मी म्हणणार नाही. घरची जबाबदारी, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, सगळं मला कळतं. पण अहवालाचा क्रम तुमच्या हातात आहे. कारण लिहिण्याआधी निरीक्षणं लिहा. जवळच्या पर्जन्यमापकाचं त्या चोवीस तासांचं वाचन, घटनास्थळी पोहोचल्याची वेळ, भगदाडाची लांबी-रुंदी, बिळं दिसली का, झुडपं होती का, शेवटची तपासणी कोणत्या तारखेची. फोटो काढा, तारखेसह. स्थळपाहणीच्या नोंदवहीत त्याच दिवशी सही करा, दुसऱ्या दिवशी नाही. त्यानंतर कारणाच्या रकान्यात वरिष्ठांना जे हवं ते त्यांना त्यांच्या हातानं, त्यांच्या सहीनं लिहू दे. तोंडी सांगितलं तर नम्रपणे लेखी मागा: "साहेब, दुरुस्ती सुचवली तर फाइलवर शेरा द्या." बहुतेक शेरा देत नाहीत आणि दुरुस्तीही मग होत नाही. माझ्या नंतरच्या नोकरीत हे तीनदा उपयोगी पडलं, एकदा नाही पडलं आणि माझी बदली झाली.

आणि शेतात गेलात की घरातल्या माणसाला विचारा, अंगणात भांडं राहिलं होतं का.

त्या ऑक्टोबरच्या रात्री आमच्या पर्जन्यमापकात १४ मिलिमीटर पाऊस होता. हा आकडा मी कुठं तरी लिहून द्यायला हवा होता. आज इथं लिहितो आहे.